पेट्रोलचा वास आलेली बोट: घरी बसवलेल्या इंजिनाच्या इंधन यंत्रणेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बोट साडेपाच मीटर लांबीची, प्लायवूड आणि इपॉक्सीची, मालकाने स्वतः बांधलेली. मधोमध लाकडी पेटीत जुन्या मोटारीचं १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे गिअरबॉक्स आणि तिथून सरळ शाफ्ट. पुढच्या डेकखाली ७० लिटरची पत्र्याची टाकी. थंड करण्याची यंत्रणा, एक्झॉस्ट, शाफ्टची रेघ ही सगळी कामं मालकाने मोजून-मापून केली होती आणि ती चांगली झाली होती. इंधनाची बाजू मात्र गाडीतून जशी उतरवली तशीच बोटीत चढवली गेली. पंप, कार्ब्युरेटर, प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर, डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, अल्टरनेटर, सगळं गाडीचं.

गाडीत हे चालतं, कारण बॉनेटखालची बाजू उघडी असते. गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं आणि वाफ वाऱ्यावर निघून जाते. बोटीचा तळ म्हणजे बंद घमेलं. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असते. ती बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट जागेत जाऊन बसते आणि कोणी बाहेर काढेपर्यंत तिथेच राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरते. या बोटीतली इंजिनाची पेटी सुमारे ०.८ घनमीटरची. तेवढी हवा पेट घेण्याजोगी व्हायला ११ लिटर वाफ लागते आणि ती ६० मिलिलिटर पेट्रोलातून तयार होते. म्हणजे औषधाचे चार मोठे चमचे. त्यातही वाफ खाली साचत असल्याने तळाचा थर त्याहून कमी पेट्रोलात धोक्याच्या हद्दीत येतो.

काय घडलं

दोन आठवडे पेटीचं झाकण उघडल्यावर पुसटसा वास येत होता. पेट्रोलची बोट म्हटल्यावर वास येणारच, असं समजून मालकाने तो सोडून दिला. एका संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली आणि बोट धक्क्याला बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी कडक ऊन होतं. दुपारी वरचं कापड दूर करताच वासाचा भपका आला. पेटीत डोकावल्यावर बिल्जमधल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला आणि पुढच्या आडव्या फळीखालून एक ओली रेघ आत आलेली दिसली.

पहिला निर्णय: हात कशाला लावायचा नाही

त्या क्षणी मालकाचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला होता. वाफ काढायला पंखा लावावा, हे कोणालाही सुचेल. पण तो पंखा मोटारीच्या हीटरचा होता. त्याच्या मोटरचे ब्रश उघडे, आणि चालताना त्यांच्यात सतत बारीक ठिणग्या उडतात. तो पेटीच्या आतच होता. बटण दाबलं नाही, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय.

बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा, ही दुसरी सूचना आली. तो स्विचही पेटीतच होता आणि चालू प्रवाह तोडताना त्याच्या आत ठिणगी पडते. बॅटरीची तार सोडवण्यातही तोच धोका. तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटणारी होती. तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर उचलला जाणारा) थेट बॅटरीला जोडलेला, मुख्य स्विचला वळसा घालून. तो पाण्याच्या टाकीसाठी विकला जाणारा साधा स्विच होता. पाणी थोडं चढलं असतं तर कोणी हात न लावताही तो आपोआप चालू झाला असता. पाहणी करताना सुदैवाने पाण्याची पातळी त्याच्या बरीच खाली होती. म्हणून बोट हलवायची नाही, गरजेशिवाय वर कोणी चढायचं नाही आणि पाणी डुचमळू द्यायचं नाही, असं ठरलं.

मग पेटीचं झाकण, पुढचं दार आणि सगळ्या फळ्या हाताने उघडल्या. शेजारच्या दोन बोटींवरच्या माणसांना सांगून तिथली शेगडी आणि इंजिनं बंद करवली. अग्निशामक नळकांडं वारा येत होता त्या बाजूला धक्क्यावर ठेवलं. तासभर नुसतं थांबणं झालं. त्यानंतर तेल शोषणाऱ्या चटयांनी तवंग उचलला आणि चटया झाकणाच्या लोखंडी डब्यात घालून लांब नेल्या. अशा वेळी ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर कोणीतरी आणतंच. तो ती वाफ स्वतःच्या ठिणग्या उडणाऱ्या मोटरवरून ओढतो.

वायुमापकाची नळी बिल्जच्या तळाशी, पेटीच्या चारही कोपऱ्यांत आणि फळीमागे धरली. सगळीकडे आकडा पेट घेण्याच्या किमान हद्दीच्या १० टक्क्यांखाली आल्यावरच बॅटरीची ऋण तार काढली. टाकीतलं पेट्रोल हातपंपाने धातूच्या कॅनमध्ये घेतलं. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून कॅन आणि टाकी तारेने आधी एकमेकांना जोडली होती. मग बोट ट्रेलरवर चढवून किनाऱ्यावर आणली.

गळती कुठून झाली

ओल्या रेघेचा माग टाकीच्या भरणनळीपाशी गेला. डेकवरच्या झाकणापासून टाकीपर्यंतचा होज रेडिएटरचा होता, पाण्यासाठी बनवलेला. पेट्रोलने तो आतून फुगून मऊ झाला होता आणि एकाच क्लॅम्पखाली चेपला होता. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहत होता.

पण नुसत्या खराब होजमुळे इतकं पेट्रोल बाहेर येत नाही. त्याला ढकलणारं काहीतरी हवं. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापलं, तर ७० लिटरचं सव्वा लिटरहून अधिक वाढतं. टाकी काठोकाठ भरली असेल, तर त्या सव्वा लिटराला जागा नसते. ते हवानळीतून बोटीबाहेर जायला हवं होतं. इथे हवानळीचा होज मध्येच लोंबकळत होता आणि त्या झोळात आधीचं पेट्रोल साचून बूच बसल्यासारखं झालं होतं. टाकीत दाब वाढला आणि त्याने सगळ्यात कमकुवत जोड शोधला.

तपासणी इथेच थांबवायचा मोह झाला होता, कारण वासाचं कारण सापडलं होतं. तरी पूर्ण यंत्रणा उघडली. जे सापडलं त्यातलं बरंचसं भरणनळीपेक्षा गंभीर होतं.

टाकीचा पुरवठा तळाच्या तोटीतून होता आणि टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंच. वाटेत होज कापला गेला किंवा कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी सुई कचऱ्याने अडकून उघडी राहिली, तर इंजिन बंद असतानाही ७० लिटर पेट्रोल आपोआप बिल्जमध्ये उतरलं असतं. गाडीच्या पंपात एकच डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, असतो. तो फाटला की अंगावरच्या छोट्या भोकातून पेट्रोल बाहेर येतं, आणि बोटीत बाहेर म्हणजे पेटीतच. कार्ब्युरेटर ओसंडला तर तो इंजिनाच्या अंगावरून वाहणारा. त्यावर कागदी एअर फिल्टर, म्हणजे बॅकफायर (इंजिनातून उलटा भडका) झालं की ज्वाळा थेट पेटीत. आत ठिणग्या पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या तळाला हवेची उघडी भोकं. हवा खेळायला झाकणाच्या वरच्या बाजूला दोन जाळ्या होत्या. जड वाफेसाठी त्यांचा काहीही उपयोग नाही.

विचारात घेतलेले पर्याय

होज बदलायचा, दोन क्लॅम्प लावायचे, हवानळीचा झोळ काढायचा. अर्ध्या दिवसाचं काम. वास गेला असता, आणि नेमकं म्हणूनच हा पर्याय वाईट होता. एकमेव इशारा नाहीसा झाला असता आणि बाकीचं तसंच राहिलं असतं.

डिझेल इंजिन बसवावं, हा दुसरा विचार. साध्या तापमानाला डिझेलची वाफ पेट घेण्याइतकी होत नाही, त्यामुळे धोक्याचं स्वरूपच बदलतं. पण वजन जवळपास दुप्पट, इंजिनाचे पाय, शाफ्ट आणि प्रोपेलर नवे. बोटीचा आकार त्या वजनासाठी आखलेला नव्हता.

बाहेर लटकणारं आउटबोर्ड इंजिन हा तिसरा पर्याय. नव्याने बांधणाऱ्याने आधी याचाच विचार करावा, असं स्पष्ट मत आहे. या बोटीची मागची फळी मात्र तो भार पेलणारी नव्हती.

शेवटी तेच इंजिन ठेवून इंधन आणि विजेची बाजू पूर्ण नव्याने करायचं ठरलं. मोजमापासाठी अमेरिकी तटरक्षक दलाचे नियम, म्हणजे ३३ सीएफआर १८३, आणि कायमस्वरूपी इंधन यंत्रणेचं आयएसओ १००८८ हे मानक धरलं. अट एकच घातली: प्रत्येक टप्प्याची चाचणी उतरल्याशिवाय पुढचा टप्पा नाही.

केलेलं काम

*टाकी.* जुन्या टाकीच्या तळाची तोटी वेल्डिंगने बुजवू, असं मालकाचं म्हणणं होतं. नकार दिला. धुतलेल्या पेट्रोलच्या टाकीतही पत्र्याच्या घड्यांत आणि शिवणीत पेट्रोल राहतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची पुन्हा वाफ होते. नवी टाकी ५०५२ प्रतीच्या ॲल्युमिनियमच्या २.३ मिलिमीटर पत्र्याची केली, आत हिंदकळणं थांबवणारा पडदा घालून. सगळी तोंडं वरच्या पृष्ठभागावर, तळाला किंवा बाजूला एकही नाही. खाली पाणी न शोषणाऱ्या पट्ट्या, म्हणजे पत्रा ओल्या लाकडावर बसून गंजणार नाही.

चाचणी ३ पीएसआयला, म्हणजे सुमारे २० किलोपास्कलला. हा दाब पाण्याच्या दोन मीटर उंचीइतकाच, म्हणून कॉम्प्रेसर लावायचा नाही. सपाट बाजूंची टाकी तो क्षणात फुगवून फाडतो. सायकलचा हातपंप आणि पाणी भरलेली पारदर्शक यू-आकाराची नळी पुरली. पहिल्या दिवशी पातळी १५ मिनिटांत ४ सेंटिमीटर उतरली आणि गळती शोधण्यात दोन तास गेले. गळती नव्हतीच. टाकी उन्हातून सावलीत आणली होती. आतली हवा एका अंशाने थंड झाली तरी नळीतलं पाणी तेवढं उतरतं. दुसऱ्या दिवशी सावलीत, तापमान स्थिरावल्यावर पुन्हा दाब दिला. आता साबणाच्या पाण्यात खरे बुडबुडे आले: इंधनमापकाच्या पाच स्क्रूंपैकी एकाच्या डोक्याखालून. तिथे पेट्रोल सहन करणारे सीलचे वायसर घातले. साबण अमोनिया नसलेला वापरायचा, कारण अमोनियाने पितळेच्या जोडांना तडे जातात.

*भरणनळी आणि हवानळी.* ३८ मिलिमीटरचा, अंगावर ‘ए२’ छापलेला इंधनाचा होज, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रूचे क्लॅम्प. स्प्रिंगचे क्लॅम्प चालत नाहीत. डेकवरच्या धातूच्या झाकणापासून टाकीपर्यंत स्वतंत्र तार, नाहीतर पेट्रोल भरताना तयार होणारी स्थिर वीज नळीच्या तोंडाशी ठिणगी पाडते. ही तार होज आणि पाइप यांच्या मध्ये दाबायची नाही, तिथून गळती होते. नियमात रोध १०० ओहमच्या खाली हवा, इथे तो एक ओहमही भरला नाही. हवानळी १६ मिलिमीटरची, टाकीपासून बाहेरच्या तोंडापर्यंत सतत चढती, कुठेही झोळ नाही. तोंड बोटीच्या बाहेरच्या अंगाला, ज्वाळारोधक जाळीसह, पेटीत हवा घेणाऱ्या नळीपासून दूर.

*पुरवठा.* टाकीच्या माथ्यावरच अँटीसायफन झडप. पंपाने ओढल्याशिवाय ती पेट्रोल सोडत नाही. तिथेच पेटीबाहेरून फिरवता येणारी धातूची तोटी. पुढचा होज ‘ए१-१५’ प्रतीचा: ‘ए’ म्हणजे अडीच मिनिटांची आगीची चाचणी उतरलेला, ‘१५’ म्हणजे होजच्या भिंतीतून झिरपणं दर चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅमच्या आत. जुना वास काही अंशी याच झिरपण्याचा होता, जोडातून एक थेंब न पडताही. फिल्टर धातूच्या अंगाचा, पाणी वेगळं करणारा.

*पंप.* या इंजिनाला दुहेरी डायफ्रामचा पंप मिळाला नाही. म्हणून कमी दाबाचा, ठिणगी-सुरक्षित विजेचा पंप इंजिनावरच बसवला. नियमाप्रमाणे पंप इंजिनावर किंवा त्यापासून १२ इंचांच्या आत हवा, आणि इंजिन फिरत असताना किंवा सुरू करतानाच चालला पाहिजे. त्यासाठी पंपाचा प्रवाह ऑइलच्या दाबाच्या स्विचमधून नेला आणि स्टार्टर फिरत असताना रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) वळसा दिला. चाचणी साधी: इंजिन बंद, चावी चालू, पंप थांबलेला असला पाहिजे. पंप घरघरत राहिला. मालकाने ऑइलच्या दिव्याचा जुना स्विच वापरला होता. तो उलटा चालतो, दाब नसताना जोडलेला असतो म्हणूनच दिवा लागतो. म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप चालू. नेमकं टाळायचं तेच. दाब आल्यावर जोडला जाणारा स्विच लावला आणि चाचणी तीनदा घेतली.

*ठिणग्या.* स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, ब्लोअर (पेटीतली हवा बाहेर ओढणारा पंखा), फ्लोट स्विच, सगळे एसएई जे११७१ किंवा आयएसओ ८८४६ या ठिणगी-सुरक्षिततेच्या मानकांची छाप असलेले घेतले. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं चालत नाही. ठिणगी-सुरक्षित वस्तूच्या आतही ठिणगी पडू शकते, पण आतला भडका अरुंद फटींतून बाहेर येईपर्यंत विझतो, अशी तिची बांधणी असते. कार्ब्युरेटर बोटीसाठी बनवलेला, त्यावर ज्वाळारोधक. मुख्य स्विच पेटीबाहेर. सगळं झाल्यावर शेवटच्या फेरीत एक गाडीचा स्टार्टर रिले पेटीच्या भिंतीमागे तसाच राहिलेला सापडला. तपासणी भागांच्या यादीवरून न करता प्रत्येक तार बोटाने धरून शेवटपर्यंत नेल्यामुळेच तो सापडला.

*हवा.* ०.८ घनमीटरच्या जागेला किमान ५० घनफूट, म्हणजे १.४ घनमीटर दर मिनिटाला ओढणारा ब्लोअर लागतो. वळणांत हवा अडते म्हणून दुप्पट क्षमतेचा घेतला. ओढणाऱ्या नळीचं तोंड पेटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, पण बिल्जमधल्या नेहमीच्या पाण्याच्या वर. पाण्यात बुडालेली नळी काहीच ओढत नाही. बाहेरची हवा आणणारी नळी समोरच्या टोकाला, कार्ब्युरेटरच्या तोंडाखाली सोडलेली. सुकाणूजवळ पाटी: सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, मग झाकण उघडून वास घ्या. किमान क्षमता धरली तरी चार मिनिटांत पेटीतली हवा सातदा बदलते.

परिणाम

पहिल्या फेरीत इंजिन पूर्ण वेगावर गुदमरायला लागलं. संशय अँटीसायफन झडपेवर गेला आणि तो बरोबर निघाला: तिची स्प्रिंग जड होती. पंपाच्या ओढीच्या बाजूला मोजल्यावर झडपेसह १७ किलोपास्कल ओढ लागत होती, झडप तात्पुरती काढल्यावर ५. झडपेतली गोळी काढून टाकली की इंजिन पळतं, आणि बऱ्याच बोटींवर असंच केलेलं आढळतं. बाहेरून पाहिलं तर झडप जागेवरच दिसते. इथे मोठ्या तोंडाची, हलक्या स्प्रिंगची झडप आणून बसवली. ओढ ७ वर आली आणि इंजिन पूर्ण वेगाला मोकळं चाललं.

टाकी आता ६६ लिटरवर थांबवली जाते. उन्हात दोन दिवस ठेवून बिल्जमध्ये वायुमापक धरला, आकडा शून्य. एका हंगामानंतर प्रत्येक होज स्वच्छ सुती फडक्याने पुसून फडक्याचा वास घेतला. इंजिनाच्या उष्णतेजवळच्या एका तुकड्याला किंचित वास आला, तो बदलला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या पुसट वासालाच बोट थांबवायला हवी होती. दोन आठवड्यांत ती अनेकदा सुरू झाली, प्रत्येक वेळी उघड्या ब्रशच्या पंख्यासह.

कामाचा क्रमही बदलता आला असता. टाकी आधी आणि ठिणग्यांचे भाग शेवटी, असं झालं. त्यामुळे मधल्या टप्प्यात ताजं पेट्रोल भरलेली टाकी आणि गाडीचा स्टार्टर एकाच बोटीत तीन दिवस होते. ठिणगीचे भाग आधी बदलायला हवे होते.

पेटीच्या भिंतीत अग्निशामकाची नळी घालायचं भोक उशिरा सुचलं. आग लागल्यावर झाकण उघडलं की आत ताजी हवा जाते, म्हणून बाहेरूनच फवारता आलं पाहिजे. पेटी बांधतानाच झाकणी लावून हे भोक ठेवणं पाच मिनिटांचं काम होतं. नंतर रंगवलेल्या लाकडात करताना अर्धा दिवस गेला.

वायूचा कायमस्वरूपी अलार्मही बसवला. त्याचा सेन्सर आधी बिल्जच्या अगदी तळाशी लावला होता आणि पहिल्याच पावसाच्या पाण्यात तो भिजून निकामी झाला. नवा सेन्सर नेहमीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा हातभर वर, पण कार्ब्युरेटरच्या खाली आहे. महिन्यातून एकदा चाचणीच्या वायूचा फवारा देऊन तो वाजतो का, हे पाहिलं जातं.